हातानं घडवलेल्या कपावर सोन्याची रेघ: तिसऱ्या भट्टीचं काम

आठ सेंटिमीटर तोंडाचा एक कप घ्या. त्याच्या काठाखाली तीन मिलिमीटर रुंदीची सोन्याची रेघ ओढली, तर भाजून झाल्यावर त्या रेघेत उरलेलं सोनं जेमतेम दोन मिलिग्रॅम भरतं. थर असतो ०.१ ते ०.२ मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. एवढा पातळ पापुद्रा काहीच झाकू शकत नाही. खालचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावर भाजून चढवलेला काचेसारखा थर, नितळ असेल तर वरचं सोनं आरशासारखं दिसतं. ग्लेझ मॅट असेल तर सोनंही मॅट निघतं. ग्लेझला सुईच्या टोकाएवढं भोक असेल तर ते सोन्यात काळा ठिपका बनून उठून दिसतं. पुढे जे काही सांगितलं आहे, मग ते पुसण्याचं असो, रंगवण्याचं असो की भाजण्याचं, ते या एका गोष्टीवरून निघालेलं आहे.

बाटलीत नेमकं काय असतं

ही रेघ ज्यानं रंगवतात त्याला गोल्ड लस्टर म्हणतात. त्याच्या बाटलीत काकवीसारखा तपकिरी, दाट द्रव असतो. तो पाहून पहिल्यांदा घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटतं, कारण सोन्याचा रंग कुठेच दिसत नाही. या बाटलीत सोन्याची पूड नसतेच. गंधक आणि राळ यांच्याशी रासायनिक रीतीनं जोडलेलं सोनं तेलांमध्ये विरघळवलेलं असतं. सोन्याचं प्रमाण साधारण ६ ते १२ टक्के. सोबत अगदी थोडं ऱ्होडियम आणि बिस्मथ असतं. भट्टीत तेल आणि राळ जळून जातात, सोनं मोकळं होतं आणि ग्लेझवर सलग पसरतं. ऱ्होडियम नसतं तर तापलेला पापुद्रा आकसून कणाकणांत गोळा झाला असता आणि चमक गेली असती. बिस्मथ त्या पापुद्र्याला ग्लेझशी बांधून ठेवतं.

ही पद्धत १८३० च्या सुमारास जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सिलेन कारखान्यात हाइनरिश गॉटफ्रीड क्यून यांनी बसवली. त्याआधी युरोपातले कारागीर सोन्याचा वर्ख मधात खलून तो लावायचे, किंवा सोनं पाऱ्यात मिसळून लावायचे आणि पारा भट्टीत उडवून द्यायचे. दोन्ही प्रकारांत भट्टीतून निघालेलं सोनं निस्तेज असायचं आणि ते घोटून घोटून चमकवावं लागायचं. पाऱ्याच्या वाफेनं कारागिरांच्या प्रकृतीची काय दशा होत असेल, ते वेगळं सांगायला नको. क्यून यांचं सोनं भट्टीतून चमकतच बाहेर आलं.

घोटायचं सोनं आजही मिळतं, त्याला बर्निश गोल्ड म्हणतात. त्यात सोन्याचं प्रमाण बरंच जास्त, साधारण २० ते ३० टक्के असतं. भट्टीतून ते मातकट पिवळं निघतं आणि अकीकाच्या घोट्यानं, ओल्या बारीक वाळूनं किंवा काचतंतूंच्या ब्रशनं घोटल्यावर त्याला मऊ, खोल तेज येतं. ते महाग आहे, पण थर जाड असल्यानं टिकतंही जास्त. रोज हाताळायच्या वस्तूसाठी ऐपत असेल तर हेच घ्यावं. शिकताना मात्र भट्टीतून चमकतच निघणारं वरचं सोनं, म्हणजे ब्राइट गोल्डच बरं.

रुपेरी रेघ हवी असेल तर प्लॅटिनम लस्टर घ्या. चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, प्लॅटिनम पडत नाही. म्हणून बाजारात 'व्हाइट गोल्ड' किंवा 'सिल्व्हर' अशा नावांनी मिळणाऱ्या लस्टरमध्ये बहुधा प्लॅटिनम किंवा पॅलेडियम असतं.

'गोल्डन' म्हणून मिळणारे अॅक्रिलिक रंग आणि अभ्रकाच्या चमकीचे रंग यांचा या कामाशी संबंध नाही. भट्टीत त्यांचं सोनेरी रूप टिकत नाही. डिंकासारख्या चिकट थरावर बसवलेला वर्ख छान दिसतो, पण तो न भाजता लावायचा असतो, त्यामुळे शोभेच्या वस्तूंपुरताच ठेवावा. चहाच्या कपावर त्याचं काम नाही.

भांडं कसं हवं

भांडं पूर्ण ग्लेझ होऊन, त्याच्या शेवटच्या तापमानाला भाजून तयार असायला हवं. बिस्किट भाजणी, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची, पहिली; ग्लेझची दुसरी आणि सोन्याची तिसरी. ग्लेझवर डिकॅल (छापील नक्षीचे चिकटवायचे कागद) किंवा ऑनग्लेझ (भाजलेल्या ग्लेझवर लावायचे) रंगही लावायचे असतील तर ते आधी भाजून घ्या. त्यांना बहुधा जास्त तापमान लागतं, म्हणून सोनं नेहमी सर्वांत शेवटी.

ग्लेझ नसलेल्या मातीवर हे सोनं लावू नका. धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेल्या लाल पणत्यांना दिवाळीसाठी सोन्याची कड करावी, असं अनेकांच्या मनात येतं. ग्लेझ नसलेली लाल माती लस्टरमधलं तेल पिऊन टाकते, सोनं तिच्या छिद्रांत विखुरतं आणि भट्टीतून निघतो एक तपकिरी, मळकट डाग. पणतीला सोनं हवंच असेल तर आधी कडेला पारदर्शक चकचकीत ग्लेझ लावून भाजा आणि मग त्यावर सोनं लावा.

ग्लेझमध्ये तीन गोष्टी तपासा. पिनहोल म्हणजे सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर ती जागा सोडा, ती कशानंही लपत नाहीत. ग्लेझला बारीक तडे असतील तर तेल त्या तड्यांत शिरतं आणि भाजल्यावर जांभळट-काळ्या रेषांची जाळी दिसते. काहींना ती आवडते, पण ती ठरवून केलेली असावी. तिसरी गोष्ट उठावाची. खोदलेल्या नक्षीच्या खाचेत लस्टर साचतं, जाड होतं आणि भाजल्यावर तडकतं. खाचेत सोनं हवं असेल तर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवूनच आत फिरवा.

काळ्या किंवा गडद तपकिरी चकचकीत ग्लेझवर सोनं फार खुलतं. शिवाय तिथे हातून झालेली बारीकसारीक चूकही खपून जाते. पांढऱ्या ग्लेझवर बोटाचा प्रत्येक डाग जांभळा होऊन दिसतो. म्हणून पहिले चार कप गडद ग्लेझचे निवडा.

सामान

दोन ग्रॅमची बाटली सुरुवातीला पुरते. १० टक्के सोनं धरलं तर तिच्यात २०० मिलिग्रॅम सोनं आहे आणि वरच्या हिशेबानं एका रेघेला २ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे कागदावर शंभर कप होतात. पण ब्रशमध्ये, टाइलवर आणि कापसावर जातं ते धरून चाळीस-पन्नास कपांचीच अपेक्षा ठेवा. ही बाटली अंगठ्याएवढी असते आणि नुसत्या धक्क्यानं आडवी होते. मुठीएवढा ओल्या मातीचा गोळा घेऊन त्यात ती अर्ध्यापर्यंत रोवून ठेवा. हा साधा उपाय अख्खी बाटली वाचवतो.

ब्रश मऊ केसांचा, बारीक कामाला ० किंवा १ नंबरचा. रेघेसाठी लांब केसांचा लायनर उत्तम, कारण तो जास्त द्रव धरतो आणि रेघ मध्येच तुटत नाही. प्रत्येक धातूला स्वतंत्र ब्रश हवा आणि त्याच्या दांड्यावर नाव लिहायला हवं. प्लॅटिनमच्या ब्रशचा उरलेला अंश सोन्यात गेला तर सोनं करडं पडतं, आणि हे कळतं ते भट्टी उघडल्यावरच.

याशिवाय लागतं ते असं: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड (जुनं धुतलेलं मलमल चालतं), कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, पांढरी चकचकीत टाइल, नायट्राइलचे हातमोजे, लस्टरच्या कंपनीचाच थिनर आणि हातानं फिरवायचं छोटं चाक. शेवटचा, आणि ज्यावर पैसे वाचवू नयेत असा ऐवज म्हणजे सेंद्रिय वाफ अडवणारी काडतुसं लावलेला मास्क. कापडी मास्क किंवा धुळीचा एन-९५ मास्क ही वाफ अडवत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवा. त्या टेबलावर खाणं-पिणं नको आणि गरोदर बाईनं हे काम करू नये.

पुसणं

कप नवा असेल तर अल्कोहोलनं पुसला की झालं. महिनाभर फळीवर पडलेला असेल किंवा वापरातला असेल तर आधी भांड्यांच्या साबणानं धुवा, मग ओव्हनमध्ये ११० अंशांवर तासभर वाळवा आणि गार झाल्यावर अल्कोहोलनं पुसा. मातीच्या अंगात शिरलेलं पाणी भट्टीत ग्लेझखालून वाट काढतं आणि वर बारीक खड्डे उठवतं, म्हणून हे वाळवणं टाळू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर नव्या कपालाही ते करावं, कारण दमट हवेत ग्लेझवर न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि लस्टर त्यावरून मागे सरकतं.

पुसून झाल्यावर कप उजेडाकडे तिरपा धरा आणि त्यावर हलकेच तोंडाची वाफ सोडा. वाफेचा थर एकसारखा बसला आणि एकसारखाच उडाला, तर काच स्वच्छ आहे. मध्येच ठिपके किंवा बोटांच्या रेषा दिसल्या तर पुन्हा पुसा. त्यानंतर उघड्या हातानं रंगवायच्या जागेला शिवायचं नाही.

रेघ ओढणं

बाटली हलवू नका, नुसती हातात धरून हळू गोल फिरवा. हलवल्यानं बुडबुडे होतात. टाइलवर दोन-तीन थेंब घ्या आणि ब्रश त्या थेंबांत बुडवून टाइलवरच एक-दोनदा ओढा, म्हणजे केस एका टोकाला येतील आणि जादा द्रव निघून जाईल.

पहिला ब्रश टेकवाल तेव्हा रंगाकडे नीट पाहा. थर फार पातळ असेल तर तो पाणी घातलेल्या कोऱ्या चहासारखा फिका दिसतो. हा भाजल्यावर जांभळा होणार, कारण सोन्याचे कण सलग पापुद्रा व्हायला पुरेसे नसतात आणि सुटे, अतिसूक्ष्म सोन्याचे कण मुळात जांभळे-गुलाबीच दिसतात. थर फार जाड असेल तर काळपट दिसतो, कडेला फुगून उभा राहतो आणि कप तिरपा केला की हळूच ओघळतो. हा भाजल्यावर तडकतो किंवा पूड होऊन निघतो. बरोबर थर या दोघांच्या मध्ये आहे: मधासारखा तपकिरी, चकाकणारा, उजेडात धरला तर खालच्या ग्लेझचा अंदाज येईल इतका आरपार, आणि दहा सेकंदांत ब्रशच्या रेषा आपोआप बुजतील इतका ओला. या रंगाची ओळख डोळ्यांत बसली की अर्धी भीती जाते. त्यासाठी ग्लेझच्या जुन्या तुकड्यावर पातळ, मध्यम आणि जाड अशा तीन रेघा ओढून तो तुकडा पहिल्या भट्टीत सोबत भाजा. कुठल्याही सूचनापत्रापेक्षा तो तुकडा जास्त शिकवतो.

आता काठाखालची रेघ. पिण्याच्या कपावर ती किती खाली हवी, ते पुढे 'वापर' या भागात आहे. कारखान्यातल्या कपाला चाकावर मध्यभागी बसवून ब्रश स्थिर धरला की रेघ सरळ येते. हातानं घडवलेल्या कपाचा काठ मात्र थोडा खाली-वर असतो, तोच त्याचा जिवंतपणा आहे. त्यावर चाकाची मोजून सरळ रेघ मारली तर काठ आणि रेघ यांच्यातली जागा कुठे दोन मिलिमीटर, कुठे पाच दिसते आणि कप वाकडा वाटतो. म्हणून रेघ काठाच्या मागोमाग जाऊ द्या. हातमोजा घातलेली करंगळी किंवा अनामिका काठावर टेकवा, तिच्यापासून ठरावीक अंतरावर ब्रशचं टोक धरा आणि दुसऱ्या हातानं चाक सावकाश फिरवा. बोट काठावरून घसरत जातं आणि ब्रश आपोआप त्याच्याबरोबर वर-खाली होतो. कोपराखाली काहीतरी भक्कम टेकू असू द्या.

सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाचा सांधा कानाच्या बाजूला ठेवा. तिथे पोचताना ब्रश हलका करून उचला, दोन थर एकमेकांवर चढू देऊ नका. एकदा ओढलेल्या रेघेवर मिनिटभरानं पुन्हा ब्रश फिरवायचा मोह होतो, तो आवरा. द्रव तोवर चिकट झालेला असतो आणि ब्रश त्याला उचलून आणतो. कुठे उघडं राहिलंच असेल तर ते पुढच्या भट्टीत भरून काढता येतं.

कपाचा कान पूर्ण सोनेरी करायचा असेल तर आधी आतली बाजू, मग दोन्ही कडा आणि शेवटी पाठ. कान जिथे अंगाला जोडला आहे त्या कोपऱ्यात द्रव साचतो. कोरड्या ब्रशचं टोक तिथे टेकवून तो शोषून घ्या.

धारदार कड हवी असेल तर मास्किंग टेप चालते, पण सोनं अजून चिकट असतानाच ती ओढायची, स्वतःवर मागे दुमडून, सावकाश. पूर्ण वाळल्यावर काढली तर कड फाटते. टेपच्या गोंदाचा माग अल्कोहोलच्या काडीनं पुसून टाका. ग्लेझ अडवायला वापरतात ते मेण इथे चालत नाही, लस्टरमधल्या तेलात ते विरघळतं.

चुकलं तर भट्टीआधी पुसणं सोपं आहे: अल्कोहोल लावलेली काडी, मग नवी काडी, मग तिसरी. एकाच काडीनं पुसत राहिलात तर सोनं नुसतं पसरतं. डोळ्यांना न दिसणारा तो पसारा भाजल्यावर जांभळा ढग होऊन येतो. बोटाचंही तसंच. सोन्याला लागलेलं बोट कपाच्या पोटाला टेकलं तर तिथे आज काही दिसत नाही, उद्या भट्टीतून अंगठ्याचा अख्खा जांभळा ठसा रेषांसकट निघतो. रंगवून झाल्यावर हातमोजे बदला आणि मगच कप उचला, तोही बुडाला धरून.

लस्टर दाट झालं असेल तर टाइलवरच्या थेंबांत थिनरचा एखादा थेंब घाला, बाटलीत कधीच नाही. घरातलं टर्पेंटाइन त्यात घालू नका.

रंगवलेला कप झाकून, धूळ लागणार नाही अशा जागी निदान चार-पाच तास, शक्य तर रात्रभर वाळू द्या. छताचा पंखा बंद. ओल्या सोन्यावर पडलेला एक धागा भाजल्यावर उघडी रेघ सोडून जातो.

भट्टी

भट्टी विजेची हवी. गॅसच्या भट्टीत धुरकट, ऑक्सिजन कमी असलेली हवा तयार झाली तर सोनं निस्तेज होतं. या भाजणीत कच्च्या किंवा बिस्किट व्हायच्या वस्तू सोबत लावू नका, त्यांच्यातून निघणारी वाफ सोन्यावर बसते.

तापमान ग्लेझवर ठरतं. १०००-११०० अंशांच्या अर्दनवेअर (कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र माती) ग्लेझला साधारण ६५० ते ६९०, जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट स्टोनवेअर आणि पोर्सिलेनला ७१० ते ७४०. बाटलीवर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके, वापरत असाल तर ०१९ म्हणजे सुमारे ६८० अंश आणि ०१८ म्हणजे सुमारे ७१५. पुढे शून्य असलेल्या कोनांत आकडा वाढला की तापमान उतरतं, हे गडबडीत उलटं होऊ देऊ नका. भट्टीचा तापमापक आणि कप ठेवलेली जागा यांत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो. म्हणून त्याच ग्लेझचे सोनं लावलेले छोटे तुकडे ६८०, ७००, ७२० आणि ७४० अशा चार भट्ट्यांत भाजून, गार झाल्यावर पेन्सिलीच्या खोडरबरानं घासून पाहा. सोनं निघालं नाही आणि चमकही मेली नाही, तो तुमचा आकडा.

हेतू हा की ग्लेझ जरासं मऊ व्हावं, सोन्याला धरून घ्यावं, पण वितळू नये. कमी तापलं तर सोनं बोटानं पुसलं जातं. जास्त तापलं तर मऊ झालेलं ग्लेझ सोन्याला गिळतं आणि वर जाळी किंवा धुकं उरतं.

कप एकमेकांना लागू देऊ नका, मध्ये बोटभर जागा ठेवा. सोनं लावलेला भाग फळीला टेकता कामा नये. स्टोनवेअरच्या कपासाठी भाजणी अशी:

२० ते १२० अंश: ताशी ८० अंश, झाकणाला ३-४ सेंटिमीटरचा टेकू, भट्टीच्या झरोक्यांची सगळी बुचं काढलेली.
१२० ते ४५० अंश: ताशी १०० ते १२० अंश, झाकण तसंच उघडं.
४५० अंशांवर २० मिनिटं थांबा. वास अजून येत असेल तर आणखी थांबा.
मग झाकण बंद, वरचं एक बूच उघडं, ताशी १५० अंशांनी ७२० पर्यंत.
७२० वर १० मिनिटं, मग भट्टी बंद.

तापायला साधारण साडेसहा तास लागतात. गार होणं भट्टीवर सोडा. १०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उचलू नका. मोठं ताट असेल तर ५४० ते ६०० अंशांच्या टप्प्यात ताशी ८० वर या, कारण ५७३ अंशांजवळ मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि सपाट, रुंद वस्तू तिथेच तडकतात. उतरतानाही तोच धोका असतो.

पहिल्या ४५० अंशांतलं उघडं झाकण हा या भाजणीचा जीव आहे. तेल आणि राळ याच टप्प्यात जळतात. धूर आत कोंडला तर तो सोन्यावर आणि शेजारच्या कपांवरही बसतो, आणि भट्टीतून दुधाळ पडदा पसरलेलं सोनं निघतं. या वेळी धूर उग्र असतो. खोलीच्या खिडक्या उघडा, एक्झॉस्ट लावा आणि बाहेर थांबा. घराच्या स्वयंपाकघरालगतच्या बाल्कनीत भट्टी असेल तर हे काम तिथे करू नका.

भट्टीतून निघाल्यावर

रेघ जांभळी असेल तर थर पातळ होता. पुसा, वर दुसरा थर द्या, पुन्हा भाजा. सोनं दोन-तीन भाजण्या सहज सोसतं. रेघेत जाळीसारखे तडे किंवा फोड असतील तर थर जाड होता. सोन्यासाठी मिळणारं खरखरीत खोडरबर पाण्यात भिजवून ते घासून काढा आणि पुन्हा लावा. पांढऱ्या ग्लेझवरचे जांभळे डागही त्याच रबरानं जातात. काही द्रव डागनाशकांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. ते ग्लेझ खातं आणि कातडीतून शिरून हाडापर्यंत इजा करतं. ते वापरू नका.

रेघ बोटानं निघत असेल तर तापमान कमी पडलं, निघालेली पूड पुसून, पुन्हा लावून २० अंश वर भाजा. चमक धुरकट असेल आणि सोनं घट्ट असेल तर आधी हवा कोंडली होती का ते तपासा, मग तापमान. या दोन कारणांत बहुतेक जण तापमानालाच दोष देतात आणि पुढच्या भट्टीत कमी भाजून नवी चूक करतात. ओळखायची खूण अशी: धूर बसलेला पडदा शेजारच्या सोनं नसलेल्या कपांवरही थोडाफार दिसतो, जास्त तापमानाचा परिणाम फक्त सोन्यावर दिसतो.

वापर

सोनं स्वतः निरुपद्रवी आहे, पण काही लस्टरमध्ये शिसं असू शकतं. म्हणून कपाच्या आत आणि ताटाच्या जेवायच्या भागात ते लावू नका. ओठ लागतात त्या काठालाही तेच. भांड्यांच्या शिसं-तपासणीत काठापासून बाहेरचा २० मिलिमीटरचा पट्टा वेगळा धरला जातो, तो यामुळेच. विकायचे कप असतील तर रेघ त्या पट्ट्याखाली उतरवा किंवा सोनं कानावर आणि बुडाशी ठेवा. तिथे ते घासलंही कमी जातं. काठाला हवंच असेल तर शिसंविरहित असं छापलेलं लस्टर घ्या आणि तयार कपाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

मायक्रोवेव्हमध्ये हा कप कधीच नाही. पातळ धातूवर ठिणग्या उडतात आणि रेघ जळते. डिशवॉशरच्या तिखट साबणानं सोनं काही महिन्यांत विरळ होतं. हातानं, मऊ स्पंजनं, साध्या साबणानं धुवावं. हिरवी घासणी, काथ्या, राख नको. सोनेरी दिसतं म्हणून पितळेसारखं चिंचेनं उजळायला कुणी गेलं तर चिंच त्या सोन्याला काही करणार नाही, पण सोबतचं घासणं त्याला घालवील. विकताना या दोन-तीन सूचना कपासोबत चिठ्ठीवर मराठीतच लिहून द्या. कप धुणाऱ्या माणसापर्यंत त्या पोचायला हव्यात.

काम संपलं की ब्रश लगेच थिनरमध्ये धुवा, टोक बोटांनी जुळवा आणि आडवा ठेवून वाळवा. वाळून कडक झालेला ब्रश परत मऊ होत नाही. टाइलवर उरलेले थेंब बाटलीत ओतू नका, त्यांत धूळ गेलेली असते. एखाद्या जुन्या कपाच्या बुडावर किंवा चाचणीच्या तुकड्यांवर ते लावून टाका. पुसायच्या काड्या आणि कापड झाकणाच्या डब्यात भरून भट्टीपासून लांब ठेवा, ते पेट घेऊ शकतात. बाटलीचं तोंड पुसून झाकण घट्ट लावा आणि ती अंधाऱ्या, गार जागी उभी ठेवा, मातीच्या गोळ्यासकट.